मामांच्या नावावरचा प्रबंध

आमच्या ग्रंथालयात नवीन काही येणार असं कळलं की मला आधी राग येतो. कॉम्प्युटर आले तेव्हा आला, बारकोड आले तेव्हा आला, आणि पुस्तकं आपली आपण नोंदवून घ्यायचं यंत्र दाराशी उभं राहिलं तेव्हा तर मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नव्हते. हा राग टिकत नाही, ही त्यातली लाजिरवाणी गोष्ट. महिना-दोन महिन्यांत त्याच यंत्राला कुणी नावं ठेवली की मीच भांडायला उठते. घरचे म्हणतात, तुझं सासूसारखं आहे. सून आली की कुरकुर करायची आणि शेजारीण तिला काही बोलली की पदर खोचून धावून जायचं.

मी परभणीत विद्यापीठाच्या ग्रंथालयात सहायक ग्रंथपाल आहे. निम्मं आयुष्य याच इमारतीत गेलं. त्यामुळे त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर आमच्या ग्रंथपाल साहेबांनी सगळ्यांना बोलावून 'नवीन साधनं येतायत, तीन दिवस प्रशिक्षण आहे, रजा मिळणार नाही' असं सांगितलं, तेव्हा मी नेमाप्रमाणे रागावले. दसऱ्याची साफसफाई घरी तशीच पडली होती. गाद्या उन्हात घालायच्या होत्या. आणि इकडे आम्ही नवं सॉफ्टवेअर शिकायचं!

पुण्याहून एक तरुण प्रशिक्षक आला. गोड बोलणारा, इस्त्रीचा शर्ट, पाण्याची बाटलीसुद्धा स्वतःची घेऊन आलेला. त्यानं पहिल्या दिवशी ऑनलाइन नियतकालिकं दाखवली, दुसऱ्या दिवशी ई-पुस्तकं. आमच्यापैकी निम्मे लोक मान डोलवत होते आणि उरलेले डुलक्या घेत होते. तिसऱ्या दिवसासाठी त्यानं मुख्य माल राखून ठेवला होता. तो म्हणजे चोरी पकडणारं सॉफ्टवेअर. पीएचडीचा प्रबंध जमा करण्याआधी तो यातून काढायचा. ते जगभरच्या मजकुराशी तो ताडून बघतं आणि किती भाग दुसरीकडे जसाच्या तसा सापडला ते टक्क्यांत सांगतं. ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलं की प्रबंध परत. ही तपासणी यापुढे ग्रंथालयानं करायची होती.

'म्हंजी आमी आता पोलीस झालो म्हना की,' काउंटरवरचे मामा म्हणाले.

या मामांबद्दल सांगायला हवं. ते पिंगळीहून येतात, सकाळच्या गाडीनं. गाडी लेट असली तर रस्त्यावर हात करून कुणाच्याही मोटारसायकलवर. त्यांचं खरं नाव हजेरीपटाबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही. विद्यार्थी मामा म्हणतात, प्राध्यापक मामा म्हणतात, मीही म्हणते, आणि वयानं मी काही त्यांच्याहून फार लहान नाही. पुस्तक न्यायला कुणी आलं की मामा आधी ओळखपत्र बघतात, मग गाव विचारतात, मग तिकडं पाऊस झाला का ते विचारतात, मग कापूस किती फुटला ते, आणि रांग दारापर्यंत पोचली की पुस्तक देतात. मी यावरून त्यांच्याशी कित्येकदा भांडले आहे. 'म्याडम, घर सोडून आलेली लेकरं हायत,' एवढंच उत्तर यायचं. पुढे पुस्तकं देणारं यंत्र आलं तरी पोरं मामांच्याच रांगेत उभी राहायची, आणि यंत्र बिचारं दाराशी एकटं लुकलुकत असायचं.

प्रशिक्षकानं प्रत्येकाचं वेगळं खातं उघडून दिलं आणि पासवर्ड कुणालाही सांगायचा नाही म्हणून बजावलं. मामांनी आपला पासवर्ड ठरवला आणि तो खड्या आवाजात सगळ्यांना ऐकवला.

'अहो काका, सांगायचा नसतो!' तो पोरगा कळवळून म्हणाला.

'सांगून ठिवलेला बरा. उद्या मी इसरलो तर ह्ये लोक सांगतील की. एकट्याच्या डोस्क्यात काय बी ठिवू नाई.'

 तो पोरगा बाटलीतलं पाणी प्यायला.

तिसरा दिवस नेमका खंडेनवमीचा होता. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. ज्याची जी पोटापाण्याची वस्तू, तिला हळदकुंकू. ग्रंथालयात आम्ही दरवर्षी कात्री, शिक्के, पुस्तकं शिवायचा दाभण आणि कॉम्प्युटर पुजतो. यंदा नवं सॉफ्टवेअर आलं होतं, त्याचीही पूजा व्हायला हवी असं ठरलं, पण सॉफ्टवेअरला कुंकू लावायचं कुठं यावर मोठा वाद झाला. ते या कॉम्प्युटरमध्ये नसतंच, कुठेतरी लांब असतं, असं प्रशिक्षकानं समजावून सांगितलं. 'देव बी लांबच असतोय,' मामा म्हणाले आणि त्यांनी माऊसला कुंकू लावून वर झेंडूचं फूल ठेवलं.

मग बोहनी. दुकानदार सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाला रिकाम्या हातानं जाऊ देत नाही, तसं आमच्याकडे कुठलंही यंत्र कोरं सोडत नाहीत. पहिलं काम खरं असावं लागतं आणि ते गुणी माणसाचं असावं लागतं. प्रशिक्षकानं सरावासाठी एक नमुन्याची फाइल आणली होती, नुसता इकडचा-तिकडचा मजकूर भरलेली. मामांनी ती साफ नाकारली.

'खोट्या कागदावर बोहनी केली की यंत्र बी खोटंच वागनार. पयलं काम आपल्या खोडमाशीचं करू.'

आम्ही संशोधक विद्यार्थ्यांना त्यांच्या विषयावरून ओळखतो. एक बोंडअळी होता, एक मोसंबी होती, ही खोडमाशी. ज्वारीच्या कोवळ्या पोंग्यात शिरणाऱ्या माशीवर तिचा अभ्यास होता. येलदरीकडच्या एका गावातली, बारीक अंगाची, चप्पल न वाजवता चालणारी पोरगी. वाचनालयात खिडकीजवळची खुर्ची तिची. सकाळी आम्ही कुलूप काढायला यायचो तर ही पायरीवर बसलेली असायची. आईबाप दरवर्षी ऊस तोडायला पश्चिमेकडे जायचे आणि ही लहानपणी त्यांच्यासोबत फडाफडातून फिरत, जिथं मिळेल तिथं शाळा करत इथवर आली होती. याचं भांडवल तिनं कधी केलं नाही. एकदा मामांनी गाव विचारलं तेव्हा तेवढं बोलण्यात आलं. मला ही मुलगी फार आवडायची, आणि ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं, कारण मी कुणालाच सांगत नाही.

ती त्या वेळी प्रबंधाच्या मसुद्याची पेनड्राइव्ह घेऊन छपाईला चालली होती. मामांनी तिला बोलावून आणलं, कपाळाला कुंकू लावलं, पेढा दिला आणि पेनड्राइव्ह मागितली. ती हसत होती. मामांनी चष्मा लावून, एका बोटानं, देवाचं नाव घेऊन तिचा प्रबंध चढवला. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टक्के अगदी नगण्य निघाले. पोरगी चोर नाही हे यंत्रानं सांगितलं आणि मामांनी ते आपलंच प्रमाणपत्र असल्यासारखं सगळ्यांना फिरून सांगितलं. प्रशिक्षकालाही पेढा मिळाला. संध्याकाळच्या गाडीनं तो पुण्याला गेला आणि आम्ही आपापल्या घरी गाद्या झटकायला गेलो.

दिवाळी झाली. भाऊबीज झाली. त्यानंतरच्या सोमवारी सकाळी ती पोरगी पक्का, बांधलेला प्रबंध आणि त्याची फाइल घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. सुट्ट्यांमुळे मार्गदर्शकांची सही त्याच सकाळी मिळाली होती. तिला आधी एकदा मुदतवाढ मिळून गेली होती, आणि ती वाढीव मुदतही त्याच दिवशी संपत होती. संध्याकाळी कचेरी बंद होईपर्यंत प्रबंध जमा झाला नाही तर नोंदणी रद्द, सगळी वर्षं पाण्यात. 'मॅडम, तेवढा तपासणीचा अहवाल लागतो सोबत,' ती म्हणाली. म्हटलं, बैस, पाच मिनिटांचं काम.

अहवाल आला तो लालभडक. वरपासून खालपर्यंत. जवळजवळ शंभर टक्के चोरी.

मी डोळे पुसून पुन्हा बघितलं. कुठून चोरला, तर मूळ प्रबंध आमच्याच विद्यापीठात जमा झालेला, विषय ज्वारीवरची खोडमाशी, आणि लेखकाच्या जागी मामांचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट.

आधी मला हसू फुटलं. काउंटरवरून मामांना बोलावलं, तर त्यांनीही पडद्यावर आपलं नाव वाचलं आणि खुशीत म्हणाले, 'बगा! मी डागदर झालो की!' मग त्यांनी त्या पोरीकडे पाहिलं. तिच्या तोंडावर रक्ताचा थेंब नव्हता. मामांनी खिशातून दस्ती काढली, तिला देऊ लागले, मग स्वतःच्याच मानेवरचा घाम पुसला.

झालं होतं ते असं. फाइल चढवताना ते सॉफ्टवेअर विचारतं, हा मजकूर पुढं ताडून बघण्यासाठी कोठारात कायमचा ठेवायचा का? मसुदा असेल तर 'नाही' म्हणायचं, असं प्रशिक्षकानं सांगितलं होतं. पण तो ते सांगत होता तेव्हा मामा नारळ फोडायला बाहेर गेले होते. मग फाइल चढवताना त्यांनी 'हो' म्हटलं. त्याआधी एका रकान्यात नाव विचारलं होतं. नाव विचारलं की माणूस आपलं सांगतो. मामांनी आपलं टाकलं. आता त्या यंत्राच्या लेखी प्रबंध मामांचा होता आणि पोरीनं तो शब्दन् शब्द उतरवला होता.

'मामा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं हो म्हणायला?' मी ओरडले. वाचनालयातल्या माना वर झाल्या.

'ठिवायचं का म्हनून इचारलं त्यानं,' मामा अगदी हळू म्हणाले. 'मी म्हनलो, ठीव बाबा. पोरीचं इत्तं काम. फेकून कसं द्यावं?'

 आमच्या धंद्यातल्या माणसाला 'ठेवायचं का' असं विचारल्यावर त्यानं 'नको' म्हणावं, हे होणार कसं? आम्ही पानं निखळलेली पुस्तकं ठेवतो, उंदरांनी कुरतडलेली ठेवतो, कुणी गेली कित्येक वर्षं हात न लावलेले अहवाल ठेवतो. माझ्या हाताखाली माऊस असता तर मीही तेच दाबलं असतं. राग उतरला आणि त्याच्या जागी भीती आली. ती जास्त वाईट होती.

प्रशिक्षकाला फोन लावला. तो बिचारा जेवत होता. म्हणाला, कोठारातलं काढून टाकायचं तर कंपनीला लिहावं लागेल, दोन-तीन आठवडे सहज जातील. मी म्हटलं, आमच्याकडे आजची संध्याकाळ आहे. मग त्यानं दुसरी वाट सांगितली. तो एक स्रोत वगळून अहवाल पुन्हा काढायचा. टक्के खाली येतील; पण अमुक स्रोत वगळला अशी नोंद अहवालावर राहणार, ती लपवता येत नाही. 'तुमच्या ऑफिसनं ते मान्य करायला हवं, मॅडम.'

आम्ही तसा अहवाल काढला. टक्के पुन्हा नगण्य, आणि खाली ती नोंद. ती घेऊन तिघं निघालो. मी पुढं, मागं पोरगी प्रबंधांचा गठ्ठा छातीशी धरून, आणि तिच्या मागं मामा. काउंटर सोडून मामा दुपारी बाहेर पडलेले मी तोवर पाहिले नव्हते.

प्रबंध स्वीकारणारे अधिकारी सरळ माणूस. कुणाचं वाईट करत नाहीत, आणि कुणासाठी नियमाची ओळही वाकवत नाहीत. त्यांनी अहवाल वाचला, नोंदीवर बोट ठेवलं. मी सगळं सांगितलं. खंडेनवमीचं ऐकताना ते हसलेसुद्धा. मग गंभीर झाले.

'मॅडम, माझा विश्वास आहे. पण तपासणी करणारे तुम्ही, वगळणारे तुम्ही, आणि वगळलेला प्रबंध तुमच्याच कर्मचाऱ्याच्या नावावर. उद्या कुणी माहितीच्या अधिकारात विचारलं तर मी काय दाखवू? या मुलीच्याच डोक्यावर कायमची टांगती तलवार राहील.'

ते खरं होतं, म्हणून मला जास्त झोंबलं.

'सर, मामांनी मुद्दाम नाही केलं,' पोरगी पहिल्यांदाच बोलली. 'मामांना ठाऊक नव्हतं.'

'मामा?' अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. 'तुमचे मामा आहेत का हे?'

आम्ही तिघंही एकदम बोललो आणि त्यातून काहीच नीट निघालं नाही. त्यांनी हात वर केला. नातं असेल तर प्रकरण समितीपुढे जाईल, आणि समिती आज काही बसत नाही. नातं नसेल तर मामांनी तसं लेखी द्यावं: प्रबंध माझा नाही, प्रशिक्षणात चुकून माझ्या नावावर चढला. त्याखाली मी ग्रंथालयातर्फे सही करावी. मग ते आजच प्रबंध घेतील.

मामा खुर्चीच्या कडेला बसले आणि लिहू लागले. अक्षर त्यांचं सुरेख आहे, पुस्तकांच्या पाठीवरची निम्मी नावं त्यांनीच लिहिली आहेत. प्रबंध माझा नाही, हे त्यांनी बिनघोर लिहिलं. लिहिता लिहिता म्हणाले, 'हाती आलेली पदवी गेली म्हना.' पोरगीही जराशी हसली. पुढं त्यांनी लिहिलं, 'सदर प्रबंध आमच्या पोरीनं मेहनतीनं लिहिला असून तो तिचाच आहे.'

अधिकाऱ्यांनी कागद वाचला आणि परत दिला. 'आमच्या पोरीनं नाही चालणार. विद्यार्थिनी लिहा.'

मामांनी दुसरा कागद घेतला. विद्यार्थिनी लिहिलं.

'आता शेवटची ओळ. सदर विद्यार्थिनी माझी कोणीही लागत नाही.'

मामांचं पेन थांबलं.

'इत्तं लिवावं लागतंय का, सायेब?'

'लागतं.'

'नात्यातली न्हाई, असं लिवलं तर?'

'त्यातून लोक फाटे काढतात, मामा,' अधिकारी म्हणाले. ते स्वतःच मामा म्हणाले हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. 'कोणीही लागत नाही. स्पष्ट.'

मामांनी पेन टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं. मी त्या माणसाला अनेक गोष्टींत अडलेलं पाहिलं होतं. पासवर्डात, इंग्रजी आद्याक्षरांत, नव्या यंत्राच्या बटणांत. अक्षर काढताना अडलेलं पाहिलं नव्हतं. माझा पारा चढला. 'साहेब, अहो, कॅम्पसमधल्या प्रत्येक पोराचे ते मामा आहेत,' मी म्हटलं. 'सगळ्यांचं लिहून घेणार का?' अधिकाऱ्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि मीही पाहिलं.

'मामा, राहू द्या,' पोरगी म्हणाली. 'मी परत मुदत मागून बघते.'

'गप बस,' मामा म्हणाले. तिच्याशी ते इतकं तोडून कधी बोलले नव्हते. 'कोन देनार हाय तुला मुदत?'

आणि त्यांनी लिहिलं. एका दमात, सुरेख अक्षरात, सदर विद्यार्थिनी माझी कोणीही लागत नाही. खाली सही केली. त्याखाली मी केली. अधिकाऱ्यांनी कागद मोठ्यानं वाचून पाहिला, शिक्का मारला आणि प्रबंधांच्या प्रती एकेक करून मोजून घेतल्या. मामा तोवर उठून बाहेर गेले होते.

पोच घेऊन आम्ही बाहेर आलो तेव्हा ते पायरीवर बसले होते, दस्तीची घडी घालत आणि पुन्हा उलगडत. पोरीनं पोच त्यांच्यासमोर धरली. त्यांनी ती वाचली, शिक्का नीट उमटलाय का ते बघितलं.

'झालं बग तुजं,' ते म्हणाले. 'कागदावर काय बी लिवावं लागतंय. मनाला लावून घ्यू नको.'

मनाला त्यांनीच लावून घेतलं होतं, हे दिसत होतं. मला त्यांच्याजवळ बसून काहीतरी चांगलं बोलावंसं वाटलं. पण मला ते जमत नाही. मी म्हटलं, चला, चहा पिऊ, आणि त्यांच्या हाताला धरून त्यांना उठवलं. मला हा माणूस किती जवळचा आहे हे त्या क्षणी मला लख्ख कळलं.

टपरीवर चहा सांगितला. पोरीनं आधी घरी फोन लावला. घरी म्हणजे फडावर. त्या वर्षी ऊसतोडीची टोळी दिवाळीआधीच निघाली होती. वाऱ्यात उसाचं पाचट वाजल्यासारखा आवाज येत होता आणि मधूनच बैलाच्या गळ्यातली घंटा. 'माय, झालं जमा,' ती म्हणाली आणि तिथंच रडायला लागली. सकाळपासून अडवून धरलेलं सगळं बाहेर आलं. हुंदके देत देत तिनं काय झालं ते सांगितलं. लाल अहवाल, मामांचं नाव, साहेबांचं म्हणणं, कागद. मामांनी काय लिहून दिलं तेही तिनं सांगितलं. सांगू नको म्हणून मामा हातानं खुणा करत होते, पण तिचं लक्ष नव्हतं.

 मग पोरीनं नाक पुसलं आणि फोन मामांपुढं धरला. 'माय बोलायलीय. तुमालाच द्या म्हनली.'

'मला? कामून?' मामा म्हणाले. त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला, हात शर्टाला पुसला आणि फोन घेतला. फोनचा आवाज मोठा होता. शेजारी उभ्या मला स्पष्ट ऐकू येत होतं.

'दादा, राम राम,' तिकडून बाई म्हणाली. दमलेला, थोडा घोगरा आवाज. 'समदं सांगितलं लेकीनं. आमी इकडं मोळ्या बांधायलोत, आन् तिथं माझ्या लेकीच्या पाठीशी तुमी व्हते.'

मामांनी फोन दोन्ही हातांनी धरला. 

'यंदाची भाऊबीज फडातच गेली, दादा. कारखाना बंद झाला की येते. पिंगळीला येते तुमच्या घरी, आन् ओवाळते.'

टपरीवाल्यानं विचारलं, आणखी साखर हवी का. मी त्याला हातानंच गप्प केलं. मामांनी दस्ती डोळ्यांना लावली आणि फोन दुसऱ्या कानाला घेतला.

'ये बाई,' ते म्हणाले. 'टेशनापसून घर जवळच हाय. कुनाला बी इचार, दाखवतील.'